एकशे साठ चौरस फुटांचा इतिहास

१

घराची सजावट हा विषय आपल्या चळवळीच्या नियतकालिकांत सहसा येत नाही. जमीन, पाणी, शिक्षण, नोकरी, अत्याचार या प्रश्नांपुढे भिंतीला कोणता रंग द्यावा हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. म्हणून हा विषय आपण मध्यमवर्गीय मासिकांवर सोडून दिला. थोडक्या खर्चात घर कसे सजवावे, दिवाणखान्याला पडदे कोणते लावावेत, स्वयंपाकघरातला अंधार कसा घालवावा, अशा लेखांना तिथे कधी तोटा नव्हता. त्या लेखांत चार गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली, वाचकाला घर आहे. दुसरी, त्या घरात एकाहून अधिक खोल्या आहेत. तिसरी, महिन्याकाठी चार पैसे शिल्लक राहतात. आणि चौथी, घर सजवले म्हणून कोणी मारायला येत नाही.

हे चौथे गृहीत कोणी लिहून दाखवत नाही, कारण त्या वाचकाला ते सांगण्याची गरज नसते. आपल्या इतिहासाची सुरुवात मात्र तिथूनच करावी लागते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची वस्ती गावाबाहेर ठरवून दिली आहे. त्याने जेवायचे ते फुटक्या भांड्यांत, दागिना घालायचा तो लोखंडाचा, आणि त्याचे धन काय, तर कुत्री आणि गाढवे. म्हणजे केवळ घर कुठे असावे एवढेच नव्हे, तर घरात काय असावे हेही स्मृतिकाराने ठरवले. हे सगळे पोथीत राहिले, प्रत्यक्षात कोणी पाळत नव्हते, असे म्हणणाऱ्यांसाठी विसाव्या शतकातली दोन उदाहरणे पुरेशी आहेत. डिसेंबर १९३० मध्ये मद्रास इलाख्यातल्या रामनाड जिल्ह्यात कल्लर जातीच्या लोकांनी आदिद्रविडांवर आठ बंधने घातली. त्यांतले एक बंधन असे होते की, त्यांनी घरात मातीच्या भांड्यांशिवाय दुसरी भांडी वापरू नयेत. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू या गावी बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, तेव्हा तो आपला अपमान आहे असे समजून स्पृश्यांनी त्यांना मारहाण केली. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात झनूचा दाखला दिला आहे. राज्यक्रांतीच्या आणि धर्मक्रांतीच्या चर्चेत त्यांना एका हंड्याचा उल्लेख करावासा वाटला, हे लक्षात घेतले पाहिजे.

त्याआधी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या दुसऱ्या परिषदेनंतर त्यांनी स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, स्वच्छ कसे राहावे, हे त्यात सांगितले होते. वरवर पाहता ही नीटनेटकेपणाची शिकवण आहे. मुळात ती शिकवण अशी होती की, ज्या खुणांवरून तुमची जात दुरून ओळखली जाते त्या खुणा स्वतःच्या हाताने पुसून टाका. अंगावरच्या खुणा जशा होत्या, तशा घरातल्याही होत्या. फुटके मडके ही खूण होती. त्यामुळे आपल्या माणसाने घरात केलेला प्रत्येक फेरबदल, मग तो कितीही स्वस्तातला असो, त्या खुणा पुसण्याच्या इतिहासात धरला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

२

हा फेरबदल दाट वस्तीने आणि सलग तीन-चार पिढ्या कुठे पाहायला मिळतो? मुंबईच्या चाळीत. गावात घर गावकुसाबाहेर होते, पण सारवायला अंगण तरी होते. मुंबईत आलेल्या माणसाला मिळाली एक खोली, आणि तीही सुखासुखी मिळाली नाही.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या चाळी उभ्या राहिल्या. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याची घोषणा झाली आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात नायगाव, वरळी, डिलाइल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी, संडास सार्वजनिक, आणि खोली एकशे साठ चौरस फुटांची. सिमेंट काँक्रीटच्या या चाळी सुरुवातीला कामगारांनाच नकोशा वाटल्या. भाडे परवडत नव्हते, खोल्यांत उजेड नव्हता. बऱ्याच खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या. पुढे गर्दी वाढत गेली तशी त्याच खोल्यांसाठी धडपड सुरू झाली, आणि आपल्या लोकांची मोठी वस्ती तिथे झाली.

१९३१ च्या जनगणनेत मुंबईचे जवळजवळ तीन चतुर्थांश लोक एका खोलीत राहत होते. त्या राहण्याचे स्वरूप काय होते? विसाच्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या एका डॉक्टर बाईंनी एका चाळीतली पंधरा फूट बाय बारा फुटांची खोली पाहिली. तिच्यात सहा कुटुंबे होती, सहा वेगवेगळ्या चुली होत्या आणि लहानमोठी मिळून तीस माणसे होती. बाळंतपणाची सोय कशी करता, असे विचारल्यावर त्यांना तीन फूट बाय चार फुटांची जागा दाखवण्यात आली. तेवढ्या जागेला आडोसा करून बाई बाळंत होत असे. मुंबईतल्या कामगाराच्या खोलीत आतून घातलेला पहिला विभाग कोणता, असे कोणी विचारले तर मी या आडोशाकडे बोट दाखवीन.

आता पैशाचा प्रश्न. कामगार सगळेच गरीब होते, मग त्यात दलित कामगाराचे वेगळे काय, असे विचारले जाते. वेगळे असे की, गिरणीत चांगला पगार विणकाम खात्यात होता, आणि त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कांडीतला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला होता. तात्पर्य, आमच्या खोलीत जो खर्च मोजून मापून झाला, त्याचे माप जातीने घालून दिलेले होते. शेजारच्या खोलीत लाकडी कपाट आले आणि आमच्या खोलीत खोक्याच्या फळ्या आल्या, याचे कारण आवडीनिवडीत नव्हते. ते गिरणीच्या खात्यात होते.

आणि खोली मिळण्यासाठीसुद्धा जात आडवी येत होती. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह आला. त्यातल्या त्याच नावाच्या कथेत परगावी राहायला जागा मिळवण्यासाठी जात लपवावी लागते. भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वी भिंत मिळवण्याची ही लढाई होती.

३

एका खोलीत अनेक खोल्या कशा करतात? पैसा असेल तर भिंत घालून. नसेल तर वेळ वाटून.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण परळच्या डबक चाळीतले आहे. तिथल्या एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळांचे कुटुंब राहत होते. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास सगळे तिथेच. भीम लवकर झोपत असे, आणि रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहून त्याला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. आपल्याकडे ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते. ती त्यागाची आहेच, पण ती जागेच्या वाटणीचीही आहे. दोन माणसांना एका वेळी अंग टाकता येईल एवढी जागा नव्हती, म्हणून रात्रीचे दोन भाग केले गेले. पुढे १९१२ च्या सुमारास पोयबावडीच्या ट्रस्ट चाळीत या कुटुंबाला ५० आणि ५१ क्रमांकाच्या समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्या. एक संसाराची झाली, दुसरी ग्रंथांची. १९३० नंतरच्या दशकात दादरला राजगृह उभे राहिले, त्यात ग्रंथालयाला घराइतकाच मान होता. डबक चाळ, ट्रस्ट चाळ आणि राजगृह या तीन वास्तू एकापुढे एक ठेवून पाहिल्या, तर पुस्तकाला मिळत गेलेली जागा हेच त्यांच्या वाढीचे माप आहे, असे दिसते.

सामान्य दलित कुटुंबाच्या वाट्याला राजगृह आले नाही. त्यांनी आहे त्याच खोलीत काय केले, ते मी वरळीच्या ज्या चाळीत वाढलो तिथल्या घरांवरून सांगतो. आमच्या मजल्यावरच्या बहुतेक खोल्यांत बदल झाले ते थोड्याफार फरकाने याच क्रमाने झाले, असे आजीच्या आणि तिच्या बरोबरीच्या बायकांच्या सांगण्यावरून दिसते.

पहिला बदल फळीचा. भिंतीला दोन खुंट्या ठोकायच्या आणि वर गोदीतल्या खोक्याचे फळकूट टाकायचे. फळीच्या कडेला वर्तमानपत्र नक्षीने कातरून लावायचे. त्या फळीवर भांडी मांडायची. पितळेची दोन, मग चार. पुढे स्टील आले, ते बोहारणीकडून. जुने कपडे द्यायचे आणि घासाघीस करून डबा घ्यायचा. रोख पैसा न लागणारा हा व्यवहार नसता तर आमच्या घरांत स्टील फार उशिरा पोचले असते. नंतर लोखंडी मांडणी आली आणि ताटे उभी राहिली. आमच्या लेखकांनीही कधीकधी या मांडणीची चेष्टा केली आहे. वापरायला चार ताटे आणि दाखवायला चाळीस, असे म्हटले जाते. पण ज्यांना मातीखेरीज भांडे ठेवायची मनाई होती, त्यांनी घासून लख्ख केलेली भांडी दारातून दिसतील अशी मांडली, तर त्यात मिरवणे किती आणि जाहीरनामा किती, याचा विचार झनूची घटना आठवून करावा.

दुसरा बदल खाटेचा. लोखंडी खाट आली की तिच्या चारी पायांखाली विटा ठेवायच्या. खाट हातभर उंच होते आणि खाली ट्रंका, धान्याचा डबा, आणि रात्री दोन मुले मावतात. आठ विटांमध्ये एवढी जागा वाढवणारा दुसरा कोणी वास्तुशास्त्रज्ञ मला माहीत नाही. तिसरा बदल पोटमाळ्याचा. त्याला मात्र पैसा लागे. तो भिशीतून उभा राहिला. चौथा मोरीचा. कठडा उंच करून, पुढे पडदा आणि मग पत्र्याचे दार लावून मोरीचे न्हाणीघर झाले. आणि पाचवा ओट्याचा. बसून स्वयंपाक करणारी बाई कडाप्प्याच्या ओट्याशी उभी राहिली. हा बदल आमच्या मजल्यावर सर्वांत उशिरा झाला, आणि त्याचे कारण उघड आहे. पैसे कशावर खर्च करायचे हे पुरुष ठरवत होते.

रंगाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. चुन्याच्या निवळीत थोडी नीळ टाकायची आणि कुंच्याने दोन हात द्यायचे, ही रीत सगळ्या चाळीची होती. इतर घरांत हे काम दिवाळीच्या तोंडावर होई. धर्मांतरानंतर आमच्या घरांत ते एप्रिलवर गेले. चौदा एप्रिलच्या आधी भिंती झाल्याच पाहिजेत. अडचण एवढीच होती की गिरणीचा बोनस दिवाळीला मिळे. सणाचे पंचांग आम्ही बदलले, पगाराचे पंचांग मालकाच्या हातात राहिले. मग बोनसातले थोडे पैसे भिशीत घालून एप्रिलपर्यंत जपायचे. १९८२ च्या संपानंतर बोनसही गेला आणि गिरण्याही. त्या वर्षांत अनेक घरांतल्या भिंतींना हात लागला नाही. आमच्या खोलीत पोटमाळ्याची एक फळी काढून विकल्याचे आई सांगते. इतिहास पुढे सरकतो तसा मागेही येतो, हे खोलीच्या भिंतीवरही दिसते.

४

आतापर्यंत सांगितलेल्या बदलांना थोडाफार पैसा लागला. सर्वांत मोठ्या बदलाला तो लागला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही प्रतिज्ञा देवदेवतांना न मानण्याच्या आहेत. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेच्या साक्षीने हजारो लोकांनी दीक्षा घेतली. ती माणसे घरी परतली आणि त्यांनी खोलीतला एक कोपरा रिकामा केला. देव्हारा निघाला. टाक, मूर्ती, तसबिरी पाण्यात सोडल्या गेल्या.

एकशे साठ चौरस फुटांत रिकामा कोपरा ही किती मोठी गोष्ट आहे, हे त्या जागेत राहिलेल्यालाच कळेल. आमच्या आजीने तिथे काय ठेवावे याचा विचार बरेच दिवस केला. सासूच्या हातचे देव गेले होते आणि मनातली भीती एका दिवसात जात नाही. शेवटी तिथे दोन तसबिरी लागल्या, बुद्धाची आणि बाबासाहेबांची. चैत्यभूमीवर घेतलेली चित्रे, काचेची चौकट, वर निळा कागदी हार. आज आपल्या कोणत्याही घरात गेलात तरी या दोन तसबिरी समोरच्या भिंतीवर, दारातून आल्याबरोबर दिसतील अशा असतात. देव्हारा कोपऱ्यात होता, सोवळ्याचा होता, त्याला शिवायचे नियम होते. तसबीर भिंतीवर आली, सर्वांच्या नजरेच्या उंचीवर आली आणि ती कोणीही पुसू शकतो. रचनेतला हा फरक विचारातला फरक आहे.

पण इथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. त्याच कोपऱ्यात आज अनेक घरांत संगमरवरी मूर्ती आहे, रंगीत दिव्यांची माळ आहे, उदबत्ती आहे, आणि तिथे चप्पल घालून जायचे नाही असा दंडकही आहे. देव्हारा गेला की फक्त देव बदलला? यावर आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. एक म्हणते, हे नवे कर्मकांड आहे. दुसरे म्हणते, लोकांच्या श्रद्धेची चेष्टा करू नका. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. माझ्या मते कसोटी तसबिरीपुढे उदबत्ती आहे की नाही ही नाही. कसोटी ही आहे की, तसबिरीखाली काय आहे. ज्या घरांत तसबिरीखाली पुस्तकांची फळी आली, त्या घरांत कोपऱ्याचा अर्थ बदलला. ज्या घरांत तिथे शोकेस आली आणि तिच्यात प्लास्टिकची फुले व बाहुल्या बसल्या, त्या घरांत कोपरा नुसताच भरला गेला.

शोकेस म्हणजे मध्यमवर्गाचे अनुकरण आणि ती ठेवणारा ‘दलित ब्राह्मण’, अशी टीका करून आपण मोकळे होतो. ही टीका मला अर्धवट वाटते. सुंदर वस्तू घरात ठेवावी ही इच्छा कोणा एका जातीची मालमत्ता नाही. प्रश्न अनुकरणाचा नाही, प्राधान्याचा आहे. जागा थोडी असते तेव्हा प्रत्येक वस्तू दुसऱ्या एका वस्तूची जागा घेऊन बसते. शोकेसने कोणाची जागा घेतली, एवढे विचारावे.

५

याच ठिकाणी मुलींची गोष्ट निघते. आमच्या चाळीत अभ्यासाची जागा हा खोलीतला शेवटचा आणि सर्वांत अवघड बदल होता. भिंतीला बिजागरीने लावलेली घडीची फळी, वर एक दिवा. काम झाले की फळी खाली. मी त्या फळीवर शिकलो. घरातला पहिला पदवीधर झालो, तो तिच्या आधारावर. पण त्या फळीवर पहिला हक्क मुलाचा होता. माझ्या बहिणी गॅलरीत, जिन्यात किंवा पोटमाळ्यावर अंग वाकवून अभ्यास करत, तोही भांडी झाल्यावर. गावाने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले, आणि आम्ही मुलींना फळीबाहेर ठेवले. या वाक्याने कोणाला राग येईल, तर त्याने आपल्या लहानपणीच्या खोलीचा नकाशा काढावा, आणि घरातले प्रत्येक माणूस रात्री आठ वाजता कुठे होते ते त्यावर लिहावे.

आणि तरीही खोली बांधून काढली ती बायकांनीच. कुंचा त्यांच्या हातात होता, बोहारणीशी घासाघीस त्यांची, भिशी त्यांची, जुन्या लुगड्याचा पडदा त्यांनी शिवला, गोधडीत घराण्याचे सगळे कपडे त्यांनी जोडले. आपल्या आत्मकथनांत वस्ती आली, चाळ आली, भूक आली. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये मुंबईतल्या आपल्या वस्तीला साहित्यात जागा दिली. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ने २००३ मध्ये घरातल्या बाईच्या हाताचे काम पुस्तकाच्या नावातच आणले. परंतु ‘आमच्या घरी मांडणी कधी आली, ओटा कधी झाला, टेबल कोणाला मिळाले’ याचा हिशेब आपण इतिहास म्हणून अजून लिहिलेला नाही.

तो लिहायला आता फार अवधी नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे एकशे साठ फुटांत काढलेल्या लोकांना हे घर मिळाले याचा आनंद मोठा आहे, आणि जुन्या चाळीच्या आठवणींनी गहिवरून जाण्याचे मला काही कारण दिसत नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहिलेल्या बाईला गहिवर परवडत नाही. पण नवे घर तयार मिळते. भिंती कुठे असाव्यात हे दुसऱ्याने ठरवलेले असते, फर्निचर हप्त्यांवर येते, आणि हप्त्यांचे कागद पाहिले की जुन्या भिशीची आठवण येते. भिशीचा पैसा मजल्यावरच्या बायकांत फिरत होता. हप्त्याचा पैसा बाहेर जातो. म्हणून नव्या घरात जाणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते.

एक, खोली सोडण्यापूर्वी तिचे माप घ्या. फळी कुठे होती, खाट कुठे, माळा केव्हा झाला, त्याला पैसे कोणी दिले, तसबिरी कोणत्या साली लागल्या, हे घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारून एका वहीत उतरवा. सरकारी दप्तरात फक्त खोली क्रमांक आणि भाडेकरूचे नाव सापडेल. बाकीचा इतिहास त्या बाईकडे आहे.

दोन, नव्या घरात पहिला खिळा ठोकाल तो पुस्तकांच्या फळीसाठी ठोका, आणि अभ्यासाचे पहिले टेबल मुलीला द्या. पाचशे चौरस फुटांत तेवढी जागा निघते. आपल्या आधीच्यांनी ती एकशे साठमध्ये काढली होती.